ओकानेच्या हातात काय होतं

देवळाच्या जत्रेचा पहिलाच दिवस, आणि ओनोमिची बंदरातलं निम्मं गाव तोमोए थिएटरच्या दारात दाटलं होतं. ढोलवाला ढोल बडवत होता, माकूळ भाजणाऱ्या बाईच्या शेगडीचा धूर थेट आत घुसत होता, आणि दारावर टांगलेल्या पुरुषभर उंचीच्या कापडावर तांबड्या रंगात एक बाई विळा उगारून उभी होती. केस मोकळे, दातांत केसांची एक बट, मागे पूर्ण चंद्र. खाली लिहिलं होतं : 'विळेवाली ओकाने! अख्खा मूकपट! आणि खेळ संपल्यावर रंगमंचावर खुद्द खरी ओकाने, आपल्याच तोंडून आपल्या पापाची कहाणी सांगणार!'

'खुद्द' आणि 'खरी' हे दोन्ही शब्द मालक देगुचीने स्वतः रंगवले होते. एका शब्दाने त्याचं समाधान झालं नव्हतं.

हेइरोकु गर्दीच्या कडेकडेने, मान खाली घालून आत शिरला. त्याला कोणी ओळखलं नाही. त्याचा चेहरा गावात कुणाच्या लक्षात राहत नसे, पण आवाज प्रत्येकाला पाठ होता. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची. त्यांचं बोलणं, रडणं, भांडणं, मधला वारापाऊससुद्धा पडद्याशेजारच्या उंच मेजामागून हेइरोकु पुरवायचा. अशा माणसाला बेन्शी म्हणत, आणि समोर आला की मानाने सेन्सेई, म्हणजे गुरुजी. अंधारात तो राजा होता. उजेडात त्याला दुकानदाराकडे तोफू मागायचाही संकोच वाटे.

"सेन्सेई, खडावा काढा," दाराशी बसलेली म्हातारी ओतोकी म्हणाली. "तुम्हीच चिखल आत नेलात तर बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू?"

येणाऱ्यांच्या खडावा घ्यायच्या, जोडी दोरीने बांधायची, फळीवर ठेवायची आणि हातात लाकडी बिल्ला द्यायचा, हे तिचं काम. भिंतभर खडावा झाल्या होत्या आणि लोक येतच होते.

हेइरोकु खाली वाकला आणि पुटपुटला, "ओतोकी-सान, आज तुम्ही रजा घ्यायला हवी होती."

"वा! आणि तिला बघायचं कुणी?" म्हातारीचे डोळे लकलकत होते. "कशी आहे हो ती? माझ्यापेक्षा उंच?"

"हळू बोला!"

"या ढोलात माझं मलाच ऐकू येत नाहीये. सांगा ना, उंच आहे?"

हेइरोकुने घाबरून मागे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. दारावरच्या कापडाखालून माणसांचा लोंढा आत येत होता, आणि त्या कापडावर जिचं चित्र होतं ती ओकाने त्यांच्या खडावांना दोऱ्या बांधत होती. ही गोष्ट गावात फक्त हेइरोकुला ठाऊक होती.

त्याला ती कळली गेल्या हिवाळ्यात. रिकाम्या थिएटरात तो याच कहाणीची तालीम करत होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा खून, पण देशभर अजून ताजा. रंगीत बातमीपत्रांनी तो छापला, कठपुतळ्यांनी खेळला, जत्रेतल्या चित्रपेट्यांनी भोकातून दाखवला. हेइरोकु तरुणपणी अशाच एका चित्रपेटीशेजारी काठी आपटत ओकानेचं गाणं म्हणायचा. एका आवृत्तीत तिच्या कमरपट्ट्यात साप असे, दुसऱ्या आवृत्तीत ती स्वतःच साप असे. कुठे ती एकाला मारी, कुठे तिघांना. विळा मात्र सगळीकडे. तर त्या दिवशी त्याने रिकाम्या चटयांपुढे आवाज चढवला : "आणि चंद्रप्रकाशात तिने उगारला तो विळा!" तेवढ्यात मागे झाडू मारणारी म्हातारी म्हणाली,

"विळा नव्हता हो. हंडा होता."

आणि मग हातातून ताट निसटावं तशी ती उभी राहिली.

शेगडीपाशी बसून तिने त्याला सगळं सांगितलं. मुरोहामा बंदरातून ओसाकाच्या वर्तमानपत्राला तार गेली होती : बायकोने कामाने नवऱ्याला मारलं. आता कामा म्हणजे विळा, आणि कामा म्हणजे भात शिजवायचा लोखंडी हंडाही. बोलताना दोन्ही वेगळे ऐकू येतात. शेवटी सूर खाली उतरला की विळा, वर चढला की हंडा. चित्रलिपीत दोघांच्या खुणाही निराळ्या. पण तारेत ना चित्रलिपी, ना सूर. नुसती साधी अक्षरं. ओसाकाच्या चित्रकाराला सकाळपर्यंत रंगीत चित्र हवं होतं, आणि हंडा उगारलेली बाई कोण विकत घेतो? त्याने विळा काढला. विळा आला म्हणून चंद्र आला, चंद्र आला म्हणून रात्र आली, रात्र आली म्हणून केस मोकळे सुटले. न्यायाधीशाला हंडा माहीत होता, शिक्षाही तिने हंड्याचीच भोगली. पण न्यायालयात माणसं मावतात किती? बाकीच्या देशाने विळा पाहिला.

"सुटल्यावर मात्सुयामाला राहत होते," ती म्हणाली होती. "घरमालकिणीला कुठून तरी कळलं. दुसऱ्या दिवसापासून लोक मला तांदूळ धुताना बघायला यायला लागले. पोरांना कडेवर घेऊन, सेन्सेई! मी हात वर केला की 'हाऽ!' करायचे. मी बोचकं बांधलं आणि निघाले. एवढंच मागणं आहे माझं. मरेपर्यंत मला ओतोकी राहू द्या."

हेइरोकुने मान डोलावली होती. शब्द दिला असं म्हणता येणार नाही, कारण उजेडात त्याच्या तोंडून शब्द लवकर फुटत नसत. पण ते मागणं तो विसरला नव्हता.

"मेलो! बुडालो!" गर्दीतून कोपरं मारत देगुची आला. त्याची नवी टोपी मागे सरकली होती. "सेन्सेई, मी बुडालो!"

"बोट बुडाली?" हेइरोकु दचकला.

"बोट बुडाली असती तर निदान दोष देवावर गेला असता! इमाबारीची बोट धुक्यात अडकली आहे. हामाजी बोटीवर. माझी खुद्द खरी ओकाने समुद्रात, आणि आत माणसं अशी बसली आहेत की श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याला विचारावं लागतंय. ओकाने आली नाही म्हटलं की हे लोक माझ्या चटया उपटतील, आणि मग मला त्यात गुंडाळतील!"

हामाजी ही फिरत्या नाटकमंडळीतली जुनी नटी. गेली काही वर्षं ती गावोगाव 'खरी ओकाने' म्हणून मूकपटाबरोबर हिंडत होती. लोक तिला बघून रडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

"मग सांगून टाका ना लोकांना," हेइरोकु म्हणाला.

"तू सांगतोस?"

हेइरोकु खडावांच्या फळीकडे बघू लागला.

देगुची टोपीने वारा घेत इकडेतिकडे पाहत होता. त्याची नजर ओतोकीवर आली, पुढे गेली, आणि परत फिरली. मग त्याने मान तिरकी करून तिच्याकडे असं पाहिलं, की हेइरोकु एक पाऊल पुढे सरकला.

"आजी, उभी राहा जरा. साठीच्या पुढची ना? बारीक, वाळकी, झकास. आणि चेहरा... अरे वा! चेहऱ्यावर पश्चात्तापसुद्धा आहे!"

"तो पश्चात्ताप नाही, दात दुखतोय."

"चालेल! लांबून कोण बघतंय!"

"नाही," हेइरोकु म्हणाला. तो इतक्या मोठ्याने बोलला की देगुचीच काय, त्याचं त्यालाही आश्चर्य वाटलं. "म्हणजे... ओतोकी-सान नको. खडावा कोण सांभाळणार? मी मेजामागून ओकानेचा आवाज काढतो, हवं तर."

"आवाज तू काढशील, पण अंग कुठून आणू? ढोलवाला सांभाळेल खडावा. आजी, काही बोलायचं नाही. यायचं, वाकायचं, रडायचं, जायचं."

ओतोकीच्या हातात कुणाची तरी एक खडाव होती. ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"करते," ती म्हणाली.

देगुची पांढरा किमोनो आणायला धावला. हेइरोकुने तिला खडावांच्या फळीमागे ओढलं.

"वेड लागलंय का तुम्हाला? मागे हवालदार इवासे बसणार आहे!"

प्रत्येक खेळाला मागच्या उंच खुर्चीत पोलीस बसे. पडद्यावर किंवा मेजामागे काही वावगं झालं की तो हात वर करी, आणि खेळ जागच्या जागी थांबे.

"बसू दे की," ओतोकी म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. क्षणभर ती तरुण वाटली. "सेन्सेई, या ओकानेचं काम आजवर सगळ्यांनी केलं. पुरुषांनी केलं, बाहुल्यांनी केलं. कोबेत म्हणे एका माकडाने केलं. मला कुणी विचारलंच नव्हतं! आणि घाबरता कशाला? मी खोटी ओकाने म्हणून उभी राहणार आहे. याच्याइतकी लपायला चांगली जागा आहे का दुसरी?"

"पण बोलायचं नाही."

"एक शब्द नाही."

दिवे गेले. यंत्राचा दांडा फिरू लागला, पडद्यावर पांढरा झोत पडला आणि हेइरोकुचा घसा मोकळा झाला.

त्या दिवशी तो असा काही बोलला की जुने प्रेक्षकही पुढे सरकून बसले. मूकपट तसा चमत्कारिकच होता. ओकानेचं काम करणारा पुरुष नट जाडजूड होता आणि होडीत बसला की होडी एका बाजूला कलंडायची. समुद्र कापडाचा होता. चंद्र दोरीवर होता आणि मधूनच झोका घ्यायचा. मेलेला नवरा जिनबेई दोनदा पापण्या मिटमिटला. पण हेइरोकुने वारा घातला, लाटा घातल्या, लांबून देवळाची घंटा घातली, आणि बायका किमोनोच्या बाह्या तोंडाला लावून बसल्या.

मग विळ्याचा प्रसंग आला. पडद्यावर जाडजूड ओकाने चंद्राखाली पाठमोरी उभी राहिली. हेइरोकुने श्वास घेतला आणि त्याची नजर पडद्याच्या कडेला गेली. तिथे, झोताच्या उजेडात अर्धी दिसत, पांढऱ्या किमोनोत ओतोकी उभी होती. ती पडद्याकडे मान उंचावून बघत होती, जत्रेत आतषबाजी बघावी तशी. तोंड उघडं होतं.

त्याला वाक्य आठवेना. हजारदा म्हटलेलं वाक्य.

"आणि चंद्रप्रकाशात तिने उगारला..."

तो थांबला. अंधारातून एक आवाज आला, "कामा!" मग दुसरा, मग सगळं थिएटर ओरडलं, "कामा! कामा!" सूर धाडदिशी खाली. विळा. पडद्यावर विळा खाली आला, एक पोर रडू लागलं आणि टाळ्यांनी छपरावरची धूळ पडली.

दिवे लागले. देगुची पुढे आला, तीनतीनदा वाकला आणि म्हणाला, "मंडळी, आता ती येत आहे!" मग तो इतक्या घाईने बाजूला झाला की त्याची टोपी रंगमंचावरच राहिली.

ओतोकी आली. लहान लहान पावलं टाकत मधोमध गेली, गुडघ्यांवर बसली, कपाळ जमिनीला टेकवलं. थिएटर इतकं शांत झालं की बाहेरच्या शेगडीवर माकूळ तडतडताना ऐकू आलं.

"रडते आहे," एक बाई कुजबुजली.

"बारीक आहे गं. एवढीशी होती होय!"

ओतोकी वाकलेलीच होती. हेइरोकु मनात म्हणत होता, आता उठा, आता जा, आता उठा. ती उठली, वळली. एक पाऊल टाकलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक दोरखंडवाला ओरडला,

"ओ आजी! नुसतं वाकण्यासाठी आलो काय आम्ही? विळा कुठाय विळा?"

"हो ना! विळा दाखवा!"

ओतोकी थांबली. हेइरोकुने डोळे मिटले.

"विळा नव्हता," तिचा आवाज आला. "हंडा होता."

"काय होता?"

"हंडा. भाताचा."

आधी कुणी हसलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "भाताचा हंडा म्हणते आहे रे ती!" आणि हशा पिकला.

"हंड्याने काय केलंस, आजी? नवऱ्याला शिजवलंस?"

"भात झाला होता," ओतोकी सांगत होती. आता तिला थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. "मी हंडा चुलीवरून उतरवत होते. सकाळ होती..."

"सकाळ? मग चंद्र कुठे गेला?"

"चंद्राचं मला माहीत नाही, तो मावळला असेल. जिनबेई रात्रभर पिऊन आला होता. भाताला उशीर झाला म्हणून त्याने मागून माझे केस धरले. मी वळले. हातात हंडा होता." तिने दोन्ही हात पुढे धरून दाखवले. "मी फक्त वळले."

हेइरोकुला वाटलं, आता तरी कुणी हसणार नाही. पण दोरखंडवाल्याने मांडीवर थाप मारली.

"झालं? एवढंच? आणि साप?"

"साप नव्हता."

"होडी?"

"माझ्या नवऱ्याकडे होडी नव्हती हो. होडी असती तर तो कामाला गेला असता."

पुन्हा हशा. पण आता हशात थोडा राग मिसळला होता. आपली ओकाने कुणीतरी चोरून नेते आहे असं लोकांना वाटू लागलं होतं. "खोटी आहे ही! खरी ओकाने असं बोलेल होय?" "अशी ओकाने तर माझ्या घरीपण आहे!" आणि मग एक मासेविकणारी उभी राहून बोट दाखवत किंचाळली,

"अगं बाई, ही तर ओतोकीआजी! खडावावाली! मागच्या महिन्यात हिने माझी खडाव उलटसुलट बांधली होती!"

थिएटर कोसळतं की काय असं झालं. बिल्ले उडू लागले. "माझ्या खडावा कोण बघतंय मग?" असं म्हणत दोघं दाराकडे धावले. आणि त्या गोंगाटात हवालदार इवासे मागच्या खुर्चीवरून उठला, पांढऱ्या हातमोज्याचा हात वर केला आणि रंगमंचापाशी येऊन उभा राहिला. गोंगाट हळूहळू बसला.

"नाव?" त्याने विचारलं.

ओतोकीने किमोनोची बाही सारखी केली.

"जाहिरातीत लिहिलं आहे खरी ओकाने. लोक त्यासाठी आले आहेत. तू ती नसशील तर ही फसवणूक आहे, आणि आजपासून हे थिएटर बंद." तो थोडा पुढे झुकला. इवासे कामात चोख होता, आणि बहुधा त्यालाही कुतूहल वाटत असावं. "आणि असशील तर तसं सांग. कुठल्या तुरुंगात होतीस ते सांग. चौकीतून तार करून खात्री करून घेतो."

देगुची भिंतीला टेकून खाली बसला.

ओतोकीने हेइरोकुकडे पाहिलं. तिचे डोळे अजून चमकत होते, पण बाही तिने मुठीत आवळली होती. हो म्हटलं तर उद्यापासून पुन्हा लोक तिला तांदूळ धुताना बघायला येणार होते. नाही म्हटलं तर थिएटर जाणार होतं, आणि हंड्याची खरी गोष्टही खोटी ठरणार होती. हेइरोकुला ते स्पष्ट दिसत होतं. काहीतरी बोलायला हवं हेही दिसत होतं. पण दिवे लागलेले होते. सगळं गाव त्याच्याकडे वळून पाहत होतं.

"दि..." तो म्हणाला.

"काय?"

"दिवे. दिवे घालवा!"

यंत्रावरच्या माणसाला बेन्शीचं ऐकायची सवय होती. त्याने विचार न करता दिवे घालवले. अंधार झाला, एक बाई ओरडली, इवासे "कोण आहे ते?" म्हणाला, आणि त्या अंधारातून तो आवाज आला जो सगळ्या गावाला पाठ होता.

"मंडळी! ओळखलीत की नाही? शाबास! शाबास त्या मासेवाल्या काकूंची!"

लोक आवाजाच्या दिशेने वळले.

"मुख्य खेळाआधी एक विनोदी तुकडा असतो, हे हवालदारसाहेबांना काय सांगायला हवं? खरी ओकाने यायच्या आधी आज खोटी ओकाने तुमच्या भेटीला आली होती! विळेवाली तुम्ही पाहिलीत. आता पाहिलीत ती जपानच्या इतिहासात प्रथमच, हंडेवाली ओकाने! भाताला उशीर झाला म्हणून बायकोचे केस ओढणाऱ्या नवऱ्यांनो, घरी जाऊन आधी हंडा कुठे ठेवलाय ते बघा!"

पहिल्यांदा बायका हसल्या. मग पुरुष हसले, थोडे उशिरा. "आमच्या आजीने झकास केलं!" कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. अंधारात हेइरोकु मेज धरून उभा होता. सुटल्यापासून पहिल्यांदा तिने लोकांसमोर खरं सांगितलं आणि आपण त्याचा विनोद केला, एवढंच त्याला कळत होतं.

"आणि ती खरी?" इवासेचा आवाज आला. "ती कुठे आहे?"

हेइरोकुने नुसतंच तोंड उघडलं. पण धक्क्याकडून बोटीचा भोंगा वाजला, लांब आणि जाडा, आणि सगळं थिएटर "आली!" म्हणून उठून उभं राहिलं.

हामाजी आली ती अशी आली, की तिच्यासाठी गर्दी आपोआप फाटली. चेहऱ्याला पांढरी भुकटी, हातात रेशमी कापडात गुंडाळलेला विळा. "हाच तो!" ती रंगमंचावर म्हणाली आणि कापड सोडलं. मग ती हसली, रडली, केस सोडले, जिनबेईचं भूत तिला दिसलं, तिने ते लोकांना दाखवलं. लोकांनाही दिसलं. हवालदार इवासेने टोपी काढून डोळे पुसले. आणि पडद्याच्या कडेला, पांढऱ्या किमोनोतच, ओतोकी उभी राहून दोन्ही हात तोंडावर धरून बघत होती.

"काय भयंकर बाई आहे हो!" ती हेइरोकुच्या कानात म्हणाली. ती आनंदाने थरथरत होती.

"ओतोकी-सान, मी तुम्हाला खोटी म्हटलं. सगळ्यांसमोर."

"किती छान म्हटलंत! लोक टाळ्या वाजवत होते आणि मी ओतोकीच होते. मात्सुयामात असं कुणी म्हटलं असतं तर मी अजून तिथेच असते."

मग ती धावत दाराशी गेली, कारण ढोलवाल्याने खडावांचा पार गोंधळ करून ठेवला होता. लोक बिल्ले नाचवत तिला चिडवत होते. "हंडेवाली, माझ्या खडावा दे गं!" "देते, पण भाताला उशीर म्हणू नका!" तीही सडेतोड उत्तर देत होती. ती मासेवाली सगळ्यात शेवटी आली. खडावा पायात घालून ती थोडा वेळ तिथेच घुटमळली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "भरलेला हंडा होता? भातासकट?"

"भातासकट."

"जड असेल," मासेवाली म्हणाली आणि निघून गेली.

थिएटर रिकामं झाल्यावर मागच्या खोलीत हामाजी तोंडावरची भुकटी पुसत, बारीक चिलीम ओढत बसली होती. तिने हेइरोकुला हाताने बोलावलं.

"सेन्सेई, माझ्या आधी हंड्याचं काहीतरी झालं म्हणे. धक्क्यावरचे हमालसुद्धा तेच बोलत होते. कुणाची कल्पना?"

हेइरोकुने ओतोकीकडे पाहिलं. ती चटया गोळा करत होती.

"हिची," तो म्हणाला.

"ओ खडावावाल्या बाई, इकडे या. हे बघा, विळा आता जुना झाला. प्रत्येक चित्रपेटीत विळा, प्रत्येक गाण्यात विळा. हंडा कुणाकडे नाही. तुमचा हंडा मी घेतला तर चालेल का?"

ओतोकी तिच्यासमोर बसली. मग तिने स्वयंपाकघरातून देगुचीचा भाताचा हंडा आणला आणि हामाजीच्या हातात दिला.

"असा नाही. तो गरम असतो, काठाला फडकं हवं. दोन्ही हातांनी. आणि उगारायचा नाही. उगारता येतच नाही, पाठ मोडेल. नुसतं वळायचं."

हामाजी उठली, हंडा धरला, आणि वळली. जुनी नटी ती. एकदाच वळली, पण हेइरोकु एक पाऊल मागे सरला. ओतोकीने नजर दुसरीकडे फिरवली आणि मग हळूच पुन्हा तिकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "अशीच."

दुसऱ्या दिवशी दारावरच्या कापडावर देगुचीने विळ्यावर रंग फासून हंडा काढला होता. तो ढोलासारखा दिसत होता. गर्दी कालच्या दुप्पट. हेइरोकु मेजामागे उभा राहिला. हामाजी रंगमंचावर आली, चूल मांडली, केस सोडले. भाताला उशीर झाला. जिनबेई मागून आला. आता ती लोकांकडे बघत म्हणाली, "माझ्या हातात तेव्हा काय होतं, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कामा!" थिएटर गरजलं.

हेइरोकुने कान टवकारले. सूर शेवटी वर चढला होता. सगळ्या गावाचा, दोरखंडवाल्यासकट. हंडा. त्याने दाराकडे पाहिलं. ओतोकी चवड्यांवर उभी राहून आत बघत होती, हातात कुणाची तरी एकच खडाव.

मग हामाजीने हंड्याचं झाकण काढलं आणि आतून, पांढऱ्याशुभ्र भातावर वेटोळं घातलेला एक कापडी साप बाहेर काढला. बायका किंचाळल्या.

हेइरोकु खेळ संपल्यावर धावतच दाराशी गेला. "ओतोकी-सान, तो साप! मी सांगतो तिला..."

"असू द्या सापाचं," ती खडावांची दोरी सोडत म्हणाली. "लोकांना साप लागतो. पण पांढरा भात कसला आणलान तिने? आमच्या घरी निम्मे जव असायचे. तेवढं उद्या सांगते मी तिला."